प्रबंधात ‘०.१’ कुठून आले? लिक्समधील डॉक्युमेंट क्लासच्या निवडीचे एक प्रकरण

सातपुड्यातून उतरून तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांना व्यापून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरींचे पाणी पिण्यास तर नकोसेच, पण ओलितासाठीही बेभरवशाचे असते, आणि म्हणून तिथली कपाशी, तूर, मूग ही पिके मुख्यतः पावसावरच घेतली जातात. दर्यापूर तालुक्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने याच पाण्याच्या ओलितयोग्यतेवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. विज्ञान शाखेच्या रिवाजाप्रमाणे तो इंग्रजीत होता. त्या प्रबंधातील निष्कर्ष हा या टिपणाचा विषय नाही. तो लिहिताना लिक्स (LyX) या ज्या संगणक-प्रणालीचा उपयोग झाला, तिच्यात दस्तऐवजाचा साचा निवडण्यात काय चुकले, ती चूक कशी लक्षात आली आणि ती निस्तरायला काय करावे लागले, एवढेच येथे मांडायचे आहे. मी त्याच महाविद्यालयात गणित शिकवतो आणि ही प्रणाली वापरण्याचा सल्ला माझाच होता. त्यामुळे या चुकीतला काही वाटा माझ्याकडे येतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

सल्ला देण्याचे कारण साधे होते. मॅडमनी पहिले प्रकरण नेहमीच्या वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिले होते आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना त्यातील समीकरणे विस्कटत होती. ओलिताच्या पाण्याची प्रत ठरवताना सोडियम अधिशोषण गुणोत्तर काढावे लागते. त्यासाठी पाण्यातील सोडियमला, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या बेरजेच्या निम्म्याच्या वर्गमुळाने भागतात, आणि सर्व मापे मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर या एककात घेतात. अशी समीकरणे, रासायनिक सूत्रे आणि पानभर पसरणारे तक्ते असलेल्या लेखनासाठी लिक्स ही मोफत प्रणाली चांगली आहे. मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने १९९५ मध्ये तिचा आरंभ केला. तिच्या पोटात लाटेक काम करते, आणि लाटेकच्या पोटात डोनाल्ड क्नूथ यांची टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली. लिहिणाऱ्याने पडद्यावर केवळ ‘हे शीर्षक, हा परिच्छेद, हे समीकरण’ एवढे सांगायचे असते. ते कागदावर कसे उतरेल हे डॉक्युमेंट क्लास, म्हणजे दस्तऐवजाचा साचा, ठरवतो.

या शब्दाचा इतिहास आमच्या प्रकरणाला लागू पडणारा आहे. लाटेकच्या जुन्या आवृत्तीत दस्तऐवजाच्या पहिल्या ओळीत ‘डॉक्युमेंटस्टाइल’ असे लिहावे लागे. १९९४ साली आलेल्या आवृत्तीपासून तेथे ‘डॉक्युमेंटक्लास’ आले. ‘स्टाइल’ म्हटले की अंगावरचा पोशाख डोळ्यांपुढे येतो, जो हवा तेव्हा बदलावा. ‘क्लास’ म्हटले की सांगाडा आठवतो. मॅडमनी आणि मीही ती गोष्ट पोशाख समजूनच हाताळली.

सहा सुटे लेख

लिक्समध्ये नवीन फाइल उघडली की ती मुळात आर्टिकल या क्लासची असते. कोणी काही सांगितले नाही तर माणूस तिच्यातच लिहायला लागतो, आणि मी काही सांगितले नव्हते. प्रणाली कशी बसवायची, समीकरणे कशी टाकायची, संदर्भसूची कशी जोडायची हे सारे मी दोन रविवारी दाखवले. ‘डॉक्युमेंट’च्या सेटिंगमध्ये पहिल्याच पानावर असलेल्या क्लासच्या यादीकडे मात्र बोट दाखवले नाही.

आर्टिकल हा क्लास नियतकालिकातील लेखासारख्या छोट्या लेखनासाठी आहे. त्यात ‘चॅप्टर’ ही पातळीच नसते. ‘सेक्शन’ हीच सर्वांत वरची रोजची पातळी. समीकरणांना, आकृत्यांना आणि तक्त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ १, २, ३ असे क्रमांक मिळतात. मॅडमनी दोन वर्षांत प्रबंधाची सहा प्रकरणे सहा सुट्या फायलींमध्ये लिहिली, आणि प्रत्येक फाइल स्वतंत्र लेख असल्यासारखी ‘सेक्शन १’ पासून सुरू होत होती. एकेक प्रकरण छापून मार्गदर्शकांना दाखवण्यापुरते हे उत्तम चालले होते. चुकीची निवड दोन वर्षे दिसली नाही, याचे कारण हेच की ती त्या त्या वेळच्या कामापुरती चूक नव्हतीच.

आमच्याकडे कपाशीचे वाण पेरणीआधी ठरवतात; डवरणीच्या वेळी वाण बदलू म्हणून कोणी म्हणत नाही. डॉक्युमेंट क्लास मात्र डवरणीच्या वेळीही, यादीतून दुसरे नाव निवडून, एका क्लिकने बदलता येतो. धोका नेमका तिथेच आहे. बदल करायला काही खर्च पडत नाही, आणि त्याचा भार नंतर दिसू लागतो.

एकत्र बांधणी

प्रबंध सादर करण्याला सात आठवडे उरले असताना सहा फायली एकत्र करण्याची वेळ आली. मॅडमनी नवीन फाइल उघडली, क्लासची यादी चाळली आणि त्यातील ‘बुक’ निवडला. प्रबंध म्हणजे जाडजूड, पुठ्ठ्याच्या बांधणीचा, पाठीवर सोनेरी अक्षरे असलेला ग्रंथ. त्यामुळे ‘बुक’ हेच नाव त्यांना योग्य वाटले. नावावरून निवड करणारा मनुष्य मूर्ख असतो असे मुळीच नाही. यादीत नावाखेरीज दुसरी माहितीच दिसत नाही. मग एकामागून एक सहाही फायलींतील मजकूर तिथे आणून चिकटवला आणि पीडीएफ काढली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी छापील अनुक्रमणिका माझ्यापुढे ठेवली. “सर, हे शून्य कुठून आलं? मी तर कुठंही शून्य लिहिलं नाही.” अनुक्रमणिकेत पहिला घटक ०.१ होता, दुसरा ०.२, आणि हे सहाही प्रकरणांतून सलग पुढे जात ०.३४ पर्यंत पोचले होते.

याचे स्पष्टीकरण सोपे आहे. बुक आणि रिपोर्ट या दोन्ही क्लासमध्ये सेक्शनचा क्रमांक ‘चॅप्टरचा क्रमांक, टिंब, सेक्शनचा क्रमांक’ असा बनतो. मजकूर आर्टिकलमधून आलेला असल्यामुळे त्यात एकही चॅप्टर नव्हता, म्हणून चॅप्टरचा मोजणीयंत्रातील आकडा शून्यावरच राहिला आणि प्रत्येक सेक्शनच्या माथी तो शून्य बसला. ज्याने एकदा हे शून्य पाहिले, त्याला पुढे कोणाच्याही फायलीत ते दिसताच निदान करता येते: सांगाड्याची वरची पातळी गहाळ आहे.

हे दुरुस्त करणे अवघड नव्हते. लिक्सच्या डाव्या बाजूला उघडणाऱ्या आराखड्याच्या चौकटीत एखादे शीर्षक निवडून बाणाने एक पातळी वर चढवले की त्याच्या पोटातली सारी उपशीर्षकेही बरोबर वर चढतात. आम्ही प्रत्येक जुन्या फायलीच्या आरंभी प्रकरणाचे नाव चॅप्टर म्हणून घातले आणि जिथे मॅडमनी सेक्शनचाच उपयोग प्रकरणाच्या नावासाठी केला होता तिथे बाण वापरला. अर्ध्या तासात शून्य गेले. मला वाटले, संपले.

खरा नुकसानीचा पंचनामा

संपले नव्हते. मॅडमनी मजकुरात ‘समीकरण (३) पाहा’, ‘तक्ता २ नुसार’ असे उल्लेख बहुतेक ठिकाणी हाताने टंकलिखित केले होते. लिक्समध्ये समीकरणाला किंवा तक्त्याला लेबल देऊन त्याचा संदर्भ घातला तर क्रमांक कितीही बदलला तरी उल्लेख आपोआप बदलतो. हे मी त्यांना सांगितले होते. पण सुट्या सहा फायलींत, जिथे समीकरण (३) हे दोन वर्षे समीकरण (३) च राहिले होते, तिथे लेबल देण्याची गरज कोणाला वाटणार? आता चॅप्टर आल्यामुळे चौथ्या प्रकरणातील तेच समीकरण (४.३) झाले होते. मजकुरात मात्र (३) च होते, आणि प्रबंधात (३) या क्रमांकाचे एकही समीकरण उरले नव्हते.

आम्ही शोध घेऊन असे उल्लेख मोजले. ते १२७ भरले. त्यांपैकी सुमारे तीस ठिकाणी क्रमांक बदलून भागणार नव्हते, कारण उल्लेख दुसऱ्याच प्रकरणातील गोष्टीचा होता आणि ‘मागील प्रकरणातील तक्ता ४’ म्हणजे नेमका कोणता, हे मॅडमनाही आठवून काढावे लागले. याच तपासात असे आढळले की सोडियम अधिशोषण गुणोत्तराचे समीकरण पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या अशा तीन प्रकरणांत तीन वेळा लिहिले गेले आहे. प्रत्येक फाइल स्वतंत्र लेख होती, आणि लेखात व्याख्या द्यावीच लागते. तीनांपैकी एका ठिकाणी तर वर्गमुळाखालचा ‘भागिले दोन’ सुटला होता. परीक्षकाच्या नजरेस ते पडले असते तर तोंडी परीक्षेत काय झाले असते याची कल्पना रसायनशास्त्राचे लोक करू शकतील. हे समीकरण पहिल्या जागी ठेवून उरलेल्या दोन ठिकाणी त्याचा केवळ संदर्भ घातला.

लेबले देण्याचे हे काम दोन आठवडे चालले. दिवसा तासिका, संध्याकाळी भारनियमन, आणि लॅपटॉपची बॅटरी जेमतेम दीड तासाची; त्यामुळे काम पहाटे होई. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट क्लासचा बदल नव्हतीच, हाताने लिहिलेले आकडे होते. पण पहिल्याच दिवशी योग्य क्लास निवडला असता, तर (४.३) असा दोन भागांचा क्रमांक समोर दिसला असता, आणि असा क्रमांक हाताने लिहिण्याचा मोह बराच कमी होतो.

एक पान इकडे, एक पान तिकडे

नमुन्यादाखल दुसरे प्रकरण छापून पाहावे म्हणून आम्ही बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. प्रबंधांची बांधणी करणारे तालुक्यातले ते एकच ठिकाण, आणि दुकानदाराच्या हाताखालून इतके प्रबंध गेले आहेत की प्रबंधाच्या छपाईबद्दलचे विद्यापीठाचे परिपत्रक त्याला आमच्यापेक्षा चांगले पाठ आहे. त्याने कागदांचा गठ्ठा ठोकून सरळ केला, अंगठ्याने पाने फडफडवली आणि विचारले, “मॅडमजी, एक पान इकळे अन् एक पान तिकळे काहून सरकलं? अन् हे कोरं पान मशीननं टाकलं का तुमीच घातलं?”

दोन्ही प्रश्न नेमके बुक या क्लासकडे बोट दाखवत होते. बुक हा क्लास मुळात पाठपोट छपाईसाठी आहे आणि त्यात प्रत्येक प्रकरण उजव्या हाताच्या पानावरच सुरू होते. मागचे प्रकरण उजव्या पानावर संपले तर मध्ये एक कोरे पान सुटते. विद्यापीठाच्या परिपत्रकात मात्र कागदाच्या एकाच बाजूला छपाई, ए४ आकार, बांधणीच्या बाजूला दीड इंच समास, बारा पॉइंटचे टाइम्स अक्षर आणि दीडपट ओळअंतर सांगितले होते. आम्ही समासाच्या सेटिंगमध्ये आतल्या बाजूला दीड इंच लिहिले होते. पाठपोट मांडणीत ‘आतली बाजू’ विषम पानावर डावी असते आणि सम पानावर उजवी. एकाच बाजूला छापून डावीकडून बांधायचे ठरले की प्रत्येक सम पानाचा मजकूर शिवणीत दबणार आणि उजवीकडे दीड इंचाची रिकामी पट्टी राहणार. दुकानदाराला हे छपाईच्या पहिल्या मिनिटात दिसले. आम्हाला पडद्यावर दोन आठवडे दिसले नव्हते, कारण पडद्यावर पान एकेकच दिसते.

त्याशिवाय आणखी दोन अडचणी होत्या. बुकमध्ये सारांशाची, म्हणजे ‘ॲबस्ट्रॅक्ट’ची शैलीच नसते, आणि मॅडमनी तिच्या जागी ठळक अक्षरांत शब्द लिहून वेळ मारून नेली होती. शिवाय बुकमध्ये डाव्या पानाच्या डोक्यावर प्रकरणाचे आणि उजव्या पानाच्या डोक्यावर घटकाचे नाव आपोआप येते. हे दिसायला छान असते. पण प्रकरणांची नावे लांबलचक असल्यामुळे ती पानाच्या कडेबाहेर जात होती.

पर्यायांचा विचार

या टप्प्यावर आम्ही प्रथमच नीट बसून निवड केली. खरे तर ती दोन वर्षांपूर्वी व्हायला हवी होती.

पहिला पर्याय म्हणजे बुक ठेवून त्यालाच वाकवणे. क्लासच्या ऑप्शनच्या रकान्यात एकतर्फी छपाई आणि प्रकरण कुठल्याही पानावर सुरू होऊ देणे, हे दोन शब्द लिहिले की बुक बराचसा रिपोर्टसारखा वागतो. बुकचा एक खरा फायदा असा की प्रस्तावनेची पाने, मुख्य मजकूर आणि संदर्भसूचीसारखी शेवटची पाने असे तीन भाग पाडण्याची सोय त्यात तयार असते, आणि सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आपोआप मिळतात. पण सारांशाची शैली नाही ती नाहीच.

दुसरा पर्याय कोमा-स्क्रिप्ट या संचातील रिपोर्टचा. जर्मनीतील मार्कुस कोम यांनी सांभाळलेला हा संच मला व्यक्तिशः सर्वांत आवडतो. त्यात कागद मुळातच ए४ धरलेला असतो, अक्षर अकरा पॉइंटचे असते, समास ओळीच्या लांबीच्या हिशेबाने स्वतः काढले जातात आणि शीर्षके बिनटोकाच्या (सॅन्स-सेरिफ) अक्षरांत येतात. पण परिपत्रकाला अक्षर बारा पॉइंटचे हवे, समास ठरलेले हवेत आणि शीर्षके टाइम्समध्ये हवीत. म्हणजे या संचाचे जे जे गुण, ते ते एकेक करून बंद करायचे. आलेल्या पाहुण्याला जेवायला बसवून एकेक वाटी उचलून न्यावी, तसा तो प्रकार झाला असता.

मेमॉयर या क्लासचाही विचार झाला. त्यात जवळजवळ सर्व काही बदलता येते. मात्र त्यासाठी त्याची शेकडो पानांची पुस्तिका वाचावी लागते, आणि आमच्याकडे पाच आठवडे होते. एका सहकाऱ्याने परदेशी विद्यापीठाचा तयार प्रबंध-क्लास आणून दिला, परंतु लिक्सला कोणताही क्लास ओळखण्यासाठी त्याची स्वतंत्र लेआउट फाइल लागते आणि ती या क्लासला नव्हती. येथे एक गोष्ट नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सांगण्यासारखी आहे: यादीत काही नावांपुढे ‘अनुपलब्ध’ अशा अर्थाचा शब्द दिसतो. त्याचा अर्थ लिक्सला तो क्लास ठाऊक आहे, पण संगणकावर लाटेकची ती फाइल बसवलेली नाही. ती बसवल्यावर ‘टूल्स’मधील रीकॉन्फिगर चालवावे लागते आणि लिक्स बंद करून पुन्हा उघडावे लागते. गावात नेट असलेल्या वेळीच ही कामे उरकून ठेवावीत.

शेवटी निवड झाली ती साध्या रिपोर्टची. त्यात चॅप्टर आहे, सारांशाची शैली आहे, छपाई मुळातच एकतर्फी आहे, प्रकरण कुठल्याही पानावर सुरू होते आणि पानाच्या डोक्यावर काही येत नाही. खाली मध्यभागी केवळ पानाचा आकडा. परिपत्रकाने मागितलेल्या गोष्टींपैकी बहुतेक त्यात न मागता मिळत होत्या. कागदाचा आकार, बारा पॉइंट, दीडपट अंतर आणि समास एवढेच सेटिंगमध्ये भरले. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे देण्यासाठी मात्र लाटेकची एकेक ओळ दोन ठिकाणी हाताने घालावी लागली. रिपोर्ट दिसायला कोमा-स्क्रिप्टइतका देखणा नाही हे मला मान्य आहे, आणि मॅडमना त्याची रुखरुख लागली होती हेही. पण प्रबंधाचा वाचक परिपत्रक हातात घेऊन बसलेला असतो.

बुकमधून रिपोर्टमध्ये जाताना काहीही मोडले नाही, कारण दोघांचा सांगाडा एकच आहे. आर्टिकलमधून बुकमध्ये जाताना जे मोडले त्याच्याशी याची तुलना केली की दोन क्लासमधले खरे अंतर कशावरून मोजावे ते कळते.

सहा फायली, पुन्हा एकदा

गंमत अशी की शेवटी सहा सुट्या फायलींचीच गरज पडली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची संगणकीय प्रत देणे सक्तीचे आहे आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या शोधगंगा या संग्रहात ठेवली जाते. तिथे मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका आणि प्रत्येक प्रकरण अशा वेगवेगळ्या पीडीएफ द्याव्या लागतात. पूर्ण पीडीएफ कापूनही हे करता येते, पण मॅडमना प्रत्येक प्रकरणात शेवटच्या क्षणापर्यंत दुरुस्त्या करायच्या होत्या.

म्हणून आम्ही एक मुख्य फाइल केली आणि प्रत्येक प्रकरण तिच्यात ‘चाइल्ड डॉक्युमेंट’ म्हणून जोडले. मुख्य फायलीच्या सेटिंगमध्ये कोणती प्रकरणे छापायची ते निवडता येते, आणि आकडे व संदर्भ जसेच्या तसे राखण्याचा पर्याय चालू ठेवला तर केवळ चौथे प्रकरण काढले तरी त्याचे पहिले पान पूर्ण प्रबंधातल्याच आकड्यापासून सुरू होते आणि समीकरण (४.३) हे (४.३) च राहते. येथेही क्लास आडवा आला. दोन प्रकरणांच्या फायली अजून आर्टिकलच होत्या, आणि मुख्य फाइल व जोडलेली फाइल यांचे क्लास वेगळे आहेत अशी सूचना लिक्सने दिली. त्या फायली रिपोर्टमध्ये नेल्या; यावेळी शून्य पाहून कोणी घाबरले नाही.

प्रबंध २१४ पानांचा झाला आणि मुदतीच्या चार दिवस आधी सादर झाला.

त्याच मजकुराचे दोन वेगळे जन्म

पुढे चौथ्या प्रकरणावर आधारित शोधनिबंध एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या एका नियतकालिकाकडे पाठवायचे ठरले. मॅडमनी चौथ्या प्रकरणाची फाइल उघडून क्लास बदलण्यासाठी यादीवर हात नेलाच होता, तेवढ्यात मी थांबवले. त्या संस्थेच्या एल्सआर्टिकल या क्लासमध्ये लेखकांची नावे, पत्ते, ईमेल, सारांश आणि सूचक शब्द यांच्यासाठी वेगवेगळ्या शैली असतात आणि चॅप्टर अर्थातच नसतो. प्रकरणाची फाइल सरळ तिकडे नेली तर एका बाजूला चॅप्टरच्या शीर्षकाला जागा राहत नाही आणि दुसऱ्या बाजूला लागणाऱ्या शैली रिकाम्या राहतात. त्यापेक्षा ‘साच्यातून नवीन’ हा पर्याय वापरून या क्लासची भरलेली नमुना फाइल उघडावी आणि तिच्यात घटकागणिक मजकूर आणून ठेवावा. परीक्षणासाठी ओळींत जास्त अंतर असलेली प्रत हवी असते. ती या क्लासच्या ऑप्शनमध्ये ‘रिव्ह्यू’ हा शब्द लिहून निघते. हे काम तीन संध्याकाळींत झाले. लेबले नीट दिलेली असल्यामुळे (४.३) चा (३) आपोआप झाला. पुन्हा (३)!

तिसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. ज्या गावांतून पाण्याचे नमुने घेतले, तिथल्या शेतकऱ्यांना काय सांगणार, असा प्रश्न मॅडमना एका सरपंचांनी विचारला होता. म्हणून मराठी पुस्तिका काढायचे ठरले. विद्युतवाहकतेवरून पाण्याचे वर्ग कसे पाडतात ते तिच्यात सांगायचे होते. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली दिलेल्या वर्गवारीत २५० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरपर्यंतचे पाणी कमी क्षारतेचे, ७५० पर्यंत मध्यम, २२५० पर्यंत जास्त आणि त्यापुढचे अति जास्त क्षारतेचे मानतात. शिवाय खारे पाणी काळ्या मातीत काय करते, नमुना कसा भरायचा आणि अहवाल कसा वाचायचा, हे सारे.

पुस्तिका म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, “आता तरी बुक घेऊ या ना, सर.” मी आर्टिकल सुचवला. पुस्तिकेत प्रकरणे नव्हती. आठ-दहा छोटे घटक होते आणि ते एकाखाली एक सलग यायला हवे होते. बुक किंवा रिपोर्टमध्ये प्रत्येक प्रकरण नव्या पानावर गेले असते, आणि छपाईचा खर्च मॅडम स्वतःच्या पगारातून करणार होत्या. दोन वर्षांपूर्वी चुकून निवडलेला क्लास या वेळी विचारपूर्वक निवडला गेला.

मराठीसाठी झीटेक, म्हणजे युनिकोड चालणारी टेकची आवृत्ती, वापरून युनिकोड देवनागरी फॉन्ट लावला. अनेक कार्यालयांत अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेखन चालते. तसा मजकूर येथे चालत नाही, तो आधी रूपांतरित करून घ्यावा लागतो. दुसरी अडचण ओळींच्या अंतराची आली. हे सारे क्लास रोमन लिपी समोर ठेवून घडवलेले आहेत. दहा पॉइंटच्या अक्षराला बारा पॉइंटची ओळ, असा त्यांचा हिशेब. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. त्यामुळे पान गच्च भरल्यासारखे दिसू लागले. अंतर सव्वापट केल्यावर वाचणे सुसह्य झाले. ‘फिगर’ आणि ‘टेबल’ या शब्दांच्या जागी ‘आकृती’ आणि ‘तक्ता’ छापले जातात की नाही, तेही तपासून घेतले.

ए५ आकाराची ही पुस्तिका ए४ कागद मधोमध दुमडून, दोन पिना मारून करायची होती, म्हणजे पानांची संख्या चारच्या पटीत हवी. मजकूर भरला बावीस पाने. त्याच दुकानदाराने गठ्ठा ठोकून सरळ केला, शेवटून फडफडवला आणि माझ्याकडे पाहिले. “सरजी, मांगं दोन पानं कोरीच रायतेत.” त्या दोन पानांवर मॅडमनी तारीख, विहीर, विद्युतवाहकता आणि पीक असे चार रकाने आखून दिले, म्हणजे शेतकऱ्याला आपल्या विहिरीच्या नोंदी तिथेच लिहून ठेवता येतील.